पार्कात मिटवलेला तंटा

हे बघा, ही गोष्ट तुम्हाला आमच्या गावातलं कुणी ना कुणी सांगणारच आहे, आणि तिखटमीठ लावून सांगणार आहे. त्यापेक्षा मीच सांगून मोकळा होतो. चहा घ्या आधी. आणि मध्ये मध्ये हसायचं नाही. हसायचं ते शेवटी, एकदाच, पोटभर.

तर मी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. गाव लोहारा तालुक्यातलं, सास्तूरच्या पलीकडं. भांडणं पोलीस ठाण्यात जायच्या आधी गावातच मिटवायची, हे आमचं काम. कुणाची शेळी कुणाच्या ज्वारीत शिरली, कुणाच्या मोरीचं पाणी कुणाच्या दारात आलं, कुठल्या सुनेनं कुठल्या सासूला काय म्हटलं, गेली सहा वर्षं सगळं माझ्यापुढं येतं. आणि मी मिटवतो. माझी पद्धतच ठरलेली आहे. दोघांना खाली बसवायचं, पाणी पाजायचं, लहानाला आधी बोलू द्यायचं, मोठ्याला नंतर. मग मी बोलतो. मी बोलायला लागलो की तंटा मिटतोच. आमची मंडळी म्हणते, "लोक कंटाळून मिटवत्यात." जाऊ द्या. घरातल्या माणसाला किंमत नसतेच.

आता तुम्ही म्हणाल, वा! गावाचे तंटे मिटवणारा माणूस, याच्या घरात केवढी शांतता असेल!

विचारूच नका.

बालाजी माझा सख्खा, पाठचा भाऊ. आमचं घर भिंतीला भिंत लागून आणि शेत बांधाला बांध लागून. आणि आम्ही दोघं दीड वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो! कशावरून? दोन काकऱ्यांवरून. नांगराच्या दोन काकऱ्या म्हणजे किती जमीन, तर म्हैस आडवी उभी केली तर तिचं तोंड माझ्या शेतात आणि शेपूट त्याच्या शेतात, एवढी. माझं म्हणणं, बालाजीनं नांगरट करताना बांध दोन काकऱ्या माझ्याकडं सरकवला. त्याचं म्हणणं, दादानंच सरकवला. कोण खरं, कोण खोटं हे बघायला दोरी लावायची, तर आधी बोलायला पाहिजे. आणि आधी बोलायचं कुणी? तिथंच घोडं अडलेलं.

बोलणं बंद म्हणजे काय, कारभार काही बंद नव्हता. तो सगळा लेकरांच्या मार्फत. माझी श्रावणी पाचवीत आणि त्याचा सार्थक चौथीत. मी म्हणायचो, "श्रावणी, सांग गं तुझ्या काकाला, मोटार चालू केलीया, पाणी फुटून तिकडं गेलं तर मला बोलायचं न्हाय." बालाजी कुठं असायचा? तिथंच. चार हातांवर. तो म्हणायचा, "सार्थक, मोठ्या पप्पांना सांग, ऐकू आलं म्हणावं."

गावात तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. पण मी एखाद्याचं भांडण मिटवायला बसलो की मागच्या रांगेत कुणीतरी खोकायचंच. आमच्या मंडळीनं तर एकदा भाकरी थापता थापता सुनावलं, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" पुढचं म्हणाली नाही. पुढचं मला पाठ होतं.

तर उन्हाळ्याची सुट्टी लागली, आणि आमच्या लेकरांनी संप पुकारला!

खरंच. दोघं पायरीवर मांडी घालून बसले आणि श्रावणीनं जाहीर केलं, "आजपासून निरोप बंद! तुमचं तुम्ही बोला, नाहीतर आम्हाला पार्कात न्या. दोघांना एकत्र. पप्पा पण आणि काका पण."

हायवेला ते नवं थीम पार्क झालंय ना, मोठा आकाशपाळणा असलेलं, ते. मी म्हटलं, दोन दिवसांत थंड होतील. कसली थंड होतायत! तिसऱ्या दिवशी माझ्या मोटारीचं पाणी बालाजीच्या कडब्यात शिरलं आणि सांगायला कुणी नाही. तो अंगणात उभा राहून आभाळाकडं बघून ओरडला, "कुणाचं तरी पाणी कुणाच्या तरी कडब्यात चाललंय!" मी आभाळाकडं बघून म्हटलं, "कुणीतरी बंद करायला गेलंय!" दोन शहाणेसुरते बाप्ये असं आभाळाशी बोलताना बघून समोरच्या घरातली म्हातारी काळजीत पडली.

चौथ्या दिवशी आम्ही शरण गेलो. यात दोघी जावांचाही हात होता, हे मला नंतर कळलं. माझी मंगल आणि त्याची शीतल, दोघींचं सूत पहिल्यापासून पक्कं. भांडण आमचं, त्यांच्यात पापड-कुरडया चालूच होत्या.

रविवारी भाड्याची जीप केली. मी पुढं ड्रायव्हरशेजारी, बालाजी पार मागं. रस्त्यानं धुरळा आत यायला लागला तसा मी म्हटलं, "श्रावणी, तुझ्या काकाला सांग, मागची काच लावून घे म्हणावं."

"पप्पा, संप चालू आहे."

झालं! तोंडाला रुमाल बांधून बसलो. पण सांगायचं म्हणजे कसं सांगायचं? आपण मोठे.

पार्काच्या दारातच पहिला अडथळा. डबा आत न्यायचा नाही म्हणे. मंगलनं पहाटे उठून केलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही! टाकून द्यायचे? मग तिथंच गेटबाहेर उभ्या उभ्या सगळे धपाटे संपवले. मी इकडं तोंड करून, बालाजी तिकडं तोंड करून, पाठीला पाठ लावून. येणारीजाणारी माणसं बघत होती. त्यांना वाटलं असेल, हाही पार्कातलाच काहीतरी देखावा.

आत गेलो तर काय थाट! पाण्याच्या घसरगुंड्या काय, तोंड उघडं टाकलेली सिमेंटची मगर काय, आणि मधोमध तो आकाशपाळणा, मान मोडेस्तोवर उंच. आणि एका बाजूला त्यांनी चक्क एक खेडं उभारलेलं. मातीची घरं, आड, रहाट, जातं, पार, पारावर सिमेंटचा वड! म्हणजे बघा, आम्ही खेड्यातली माणसं, तास-दीड तास धुरळा खात, तिकीट काढून, खेडं बघायला आलो!

पण हसू नका, लेकरांना त्याचंच अप्रूप. आमचं गाव भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं, सिमेंटच्या सरळ रांगा आणि घरांवर नंबर. मातीचं घर त्यांनी बघितलंय कुठं? सार्थक जात्यापुढं उभा राहून विचारतो, "मोठे पप्पा, ह्याचं बटन कुठंय?"

त्या खेड्यात बैलगाडीची फेरी होती. गाडीवान माझ्याएवढाच, धोतर, बंडी, डोक्याला लाल पटका. आता मी काही गप्प बसणारा माणूस नव्हे. विचारलं, "कोणच्या गावचे म्हणायचे?"

"हितलाच की मालक, बाजूच्या गावचा. दत्तू म्हणत्यात मला."

"शेती?"

"हाय की. अडीच एकर, दोघा भावात. भाऊ बी हितंच कामाला हाय. त्यो बगा, आडावर रहाट फिरवायलाय, त्यो धाकटा."

"आन बांधाचं कसंय?" हे मी कुणालाही विचारतो. धंद्याची सवय.

दत्तू हसला आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "बांधाचं काय मालक, भावाभावात असतंच की थोडं."

मी मनात नोंद केली. म्हटलं, इथं काहीतरी धुमसतंय. माझं नाक अशा बाबतीत लई तेज, काय सांगू!

दिवस कलला तसे पाळण्यावरचे दिवे लागले आणि लेकरांनी धोशा लावला. पाळण्याच्या एका डब्यात चौघं बसतात. श्रावणीची अट, "मी, सार्थक, पप्पा आणि काका." दुसऱ्या कुणी चालणार नाही. चौघं एका डब्यात, गुडघ्याला गुडघा लावून, आणि वर गेल्यावर खाली उतरायची सोय नाही! मी म्हटलं, "मला चक्कर येते."

"पप्पा, तुम्ही तर नारळाच्या झाडावर चढता."

"नारळ गोल फिरत न्हाय."

श्रावणी नुसती बघत राहिली. हे लेकरू ओरडलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी ती, सार्थक, बालाजी आणि शीतल रांगेत गेले, मंगल त्यांच्या चपला-पिशव्या सांभाळायला. आणि मी एकटा चहाच्या टपरीमागं जाऊन बसलो.

आता इथं नीट ऐका. त्या टपरीमागं जनरेटर होता. कानठळ्या बसतील असा धडधडत होता. त्यामुळं पार्कात माईकवरून जे काही सांगितलं, ते सगळ्या जगानं ऐकलं, मी सोडून.

चहा संपवून मी त्या खेड्याकडं आलो तर पाराभोवती हीऽऽ गर्दी! दीडदोनशे माणूस तरी असेल. आणि मधोमध आमचा दत्तू गाडीवान आणि त्याचा आडावरचा भाऊ, एकमेकांच्या छातीला धरून!

"बांध कोरला का न्हाय तू? बोल!"

"म्या कोरला? नांगर कुणाच्या हातात हुता? दादा, तुजा नांगर बांधापशी आला की त्याला भूक लागती!"

"तोंड सांभाळ! आपल्या म्हाताऱ्यानं लावलेला दगुड उपटलास तू!"

"दगुड काय चालत गेला मग?"

माझ्या अंगात वीज शिरली. बघा, म्हटलं होतं की नाही, धुमसतंय म्हणून! आणि आजूबाजूला बघतो तर काय? लोक हसतायत! सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेत आणि लोक भेळ खातायत, मोबाइल वर धरून शूटिंग घेतायत, लहान लेकरं खांद्यावर घेऊन दाखवतायत! माणुसकी म्हणून काही राहिलीच नाही! माझ्याशेजारी एक बाई भेळ खात उभ्या होत्या, त्यांना तर तिथंच दोन शब्द सुनावावेसे वाटले.

मी गर्दीतून वाट काढली आणि थेट दोघांच्या मध्ये घुसलो.

"सोडा! हात सोडा आधी! लाज वाटत न्हाय, चार लोकात तमाशा करायलाव?"

दोघंही दचकले. दत्तूनं माझ्याकडं बघितलं आणि डोळा मारला. डोळा! मी म्हटलं, प्यायलाय हा. म्हणूनच एवढं पेटलंय.

धाकटा हळूच म्हणाला, "मालक, तुमी तिकडं बसा की."

"मी बसतो. आधी तुमी बसा! मी तंटामुक्तीचा अध्यक्ष हाय. माझ्यासमोर भांडण चालणार न्हाय!"

आणि काय सांगू तुम्हाला, टाळ्या! कडकडाट! सहा वर्षांत माझ्या अध्यक्षपदाला गावात कुणी टाळी दिली नव्हती. मला वाटलं, चला, अजून जगात चांगल्या कामाची कदर आहे.

दत्तूनं भावाकडं बघितलं, भावानं दत्तूकडं, आणि दोघं निमूट खाली बसले. मी म्हटलं, "पाणी आणा कुणीतरी!" त्याच भेळवाल्या बाईंनी बाटली पुढं केली. मी त्यांना मनातल्या मनात माफ केलं. दोघांना पाणी पाजलं.

"धाकट्यानं आधी बोलायचं. हां, बोल."

धाकटा हात जोडून म्हणाला, "आध्यक्ष, आमचा दादा दिवसा देवमाणूस हाय. पर नांगरटीला सुरवात झाली की ह्येच्या बांधाला पाय फुटत्यात बगा."

लोक खदाखदा हसले. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हसू नका! एखाद्याच्या घरचं दुःख हाय हे!" त्यावर आणखी हसले.

"आता थोरल्यानं बोलायचं."

दत्तूनं पटक्याच्या शेवटानं डोळे पुसले. "आध्यक्ष, म्या ह्येला ह्या अंगाखांद्यावर खेळवला. आन ह्यो मला दोन काकऱ्यापायी चोर म्हणतुया."

दोन काकऱ्या! आता ह्याला योगायोग म्हणायचं की काय, ते तुम्हीच ठरवा. मी दत्तूचा खांदा धरला, त्याला जवळ ओढला आणि बोलायला लागलो. त्याच्या बंडीला आतून बारकासा माईक लावलेला होता, हे मला कुठं ठाऊक! मी बोलत होतो आणि माझा आवाज झाडांतून, दिव्याच्या खांबांवरून, त्या मगरीच्या तोंडातून, सगळीकडून घुमत होता. मला वाटलं, तळमळीनं बोललं की असंच होत असेल.

"अरं दत्तू! दोन काकऱ्यात पिकतं किती? पायलीभर ज्वारी तरी हुती का? आन तेवढ्यासाठी पाठचा भाऊ तोडायलास? उद्या तुला ताप आला तर त्यो बांध येणार हाय का उशापाशी पाणी घेऊन? चूक कुणाची, हे मागनं बघ. तू थोरला हायस ना? मग थोरल्यानं आधी हाक मारायची! उद्या सकाळी ऊठ, दोरी घे, भावाच्या दारात जा, आन म्हण, बाबा, चल, तूच धर दोरी. तू म्हणशील तिथं बांध!"

खरं सांगतो, बोलता बोलता माझा गळा भरून आला. मी बघत होतो दत्तूकडं, पण डोळ्यांपुढं आमचा बालाजी होता. लहानपणी तो एकदा तापानं फणफणला होता आणि मी त्याला पाठुंगळी घेऊन सास्तूरच्या दवाखान्यापर्यंत पळत गेलो होतो. तो माझ्या मानेला गच्च धरून सारखा विचारत होता, "दादा, दमलास का?" मी चार लोकांसमोर डोळे पुसले. भेळवाल्या बाई तर चक्क मुसमुसायला लागल्या.

दत्तू आणि धाकटा उठले, एकमेकांच्या गळ्यात पडले. मिटला तंटा! अर्ध्या तासाच्या आत! मी मनात म्हटलं, हा आपला विक्रम.

आणि तेवढ्यात हलगी वाजली.

गर्दी दुभंगली आणि एक भरदार माणूस आत आला. फेटा, कोट, हातात काठी, कल्लेदार पांढऱ्या मिशा. पाराजवळ येऊन त्यानं काठी आपटली आणि गरजला, "कुणी केला रं माज्या गावात तंटा?"

गळ्यात पडलेले भाऊ त्याच्याकडं बघायला लागले. तो माझ्याकडं बघायला लागला.

मी अदबीनं म्हटलं, "या पाटील, बसा. मिटला."

"मिटला?" त्याचा आवाज एकदम खाली आला.

"हां. मिटवला मी."

तो माझ्या कानाशी वाकला. "ओ साहेब, मग म्या काय करू?"

आणि वाकला तशी त्याच्या मिशीची एक बाजू सुटून लोंबायला लागली. मी त्या मिशीकडं बघितलं. मिशीमागच्या डिंकाकडं बघितलं. मग त्याच्या खांद्यावरून पलीकडं नजर गेली. पाराच्या मागं हातभर अक्षरांत फलक: "आजचा खेळ – बांधावरचं भांडण. कलाकार, आमचे गावकरी."

अहो, धरणी दुभंगली असती तर मी उडी मारली असती! पण तिथली धरणीसुद्धा सिमेंटची.

मी हळूच मागं सरकायला लागलो. तर पलीकडून आवाज आला, "पप्पाऽऽ!"

श्रावणी आणि सार्थक गर्दी चिरत पळत येत होते. त्यांच्यामागं मंगल, शीतल आणि सगळ्यात शेवटी बालाजी. "पप्पा, आम्ही एकदम वर होतो! पाळणा वर थांबला होता आणि तुमचा आवाज आला! सगळं ऐकलं आम्ही!"

सगळं. म्हणजे बालाजीनंही सगळं. हवेत लोंबकळत, कान बंद करायची सोय नसताना.

खेळाची सूत्रसंचालक मुलगी हसत हसत माईक घेऊन आली. "काकांसाठी जोरदार टाळ्या! काका, तुम्ही पण नाटकात काम करता का?" मी काही बोलायच्या आत आमच्या कन्येनं माईक हातात घेतला.

"हे माझे पप्पा आहेत. ते खरेखुरे अध्यक्ष आहेत. ते ॲक्टिंग करत नव्हते, त्यांना खरंच वाटलं!"

दोनशे माणूस हसलं. एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाला नारळ फोडला असता. पण सार्थक मागं कसा राहील? तो टाचा उंच करून माईकपाशी आला. "आणि आमचा पण बांध आहे! मोठे पप्पा आणि माझे पप्पा बोलत नाहीत! दोन काकऱ्या!"

आता मात्र कुणी हसलं नाही. दोनशे माणूस माझ्याकडं बघत होतं. त्या बाईंनी भेळ खायची थांबवली.

आणि त्या पाटलाला काम मिळालं! त्यानं मिशी दाबून बसवली, काठी आपटली आणि छाती फुगवून ओरडला, "आणा रं त्या धाकट्याला फुडं!"

लोकांनी बालाजीला ढकलत ढकलत पारावर आणला. दत्तू आणि त्याचा भाऊ बाजूला सरकले आणि त्यांच्या जागेवर आम्ही दोघं. पाटील म्हणाला, "थोरल्या, आत्ता तूच बोललास न्हवं, थोरल्यानं आधी हाक मारायची म्हणून? मार हाक."

सहा वर्षं मी गावाला बोलायला शिकवतोय आणि मला एक शब्द फुटेना! समोर बालाजी मान खाली घालून उभा. कानशिलाजवळ त्याचे केस पांढरे झालेत, ते मी तेव्हा बघितले. भिंतीला भिंत लागून घर, पण दीड वर्षात मी त्याच्याकडं नीट बघितलंच नव्हतं.

"बालाजी," मी म्हटलं, "उद्या सकाळी दोरी लावू."

त्यानं ती पाण्याची बाटली उचलली. म्हणाला, "दादा, लई बोललाव. आधी पाणी प्या."

दीड वर्षानं तो माझ्याशी बोलला, आणि तेही कुणाच्या मार्फत नाही. मी पाणी प्यायलो, अर्धं शर्टावर सांडलं. हलगी वाजली, शिट्ट्या वाजल्या. श्रावणी माझ्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. एवढी अकरा वर्षांची पोर, संप करून हसत हिंडत होती, आणि पोटात हे साठवून ठेवलेलं. मला माझीच लाज वाटली.

मग पाळण्यातही बसलो, चौघं, गुडघ्याला गुडघा लावून. आणि वर गेल्यावर मला खरंच चक्कर आली. बालाजीनं दंड धरून ठेवला म्हणून बरं.

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. थांबा, कप खाली ठेवू नका. फजिती तर पुढंच आहे.

आम्ही घरी पोचायच्या आधीच व्हिडिओ गावात पोचला होता! सकाळी दोरी घेऊन शेतात जातो तर बांधावर निम्मं गाव. समितीचे सगळे सदस्य, मागच्या रांगेत खोकणारे, आभाळवाली म्हातारीसुद्धा. वडिलांनी हद्दीला दोन दगड पुरलेले होते, एक रस्त्याकडं, एक ओढ्याकडं. रस्त्याकडचा दिसत होता. ओढ्याकडचा गाळाखाली गेलेला, तो उकरून काढला. या दगडापासून त्या दगडापर्यंत दोरी ताणली. एक टोक बालाजीच्या हातात, एक माझ्या.

दोरी सरळ झाली, आणि निम्मं गाव वाकून बघायला लागलं.

बांध सरकलेला होता. पण माझ्याकडं नव्हे. बालाजीकडं! आणि दोन नाही, तीन काकऱ्या! म्हणजे दीड वर्षं ज्या जमिनीसाठी मी भावाला चोर समजत होतो, ती मीच खाऊन बसलो होतो. आणि वर व्याजाची एक काकरी! मुद्दाम नाही हो, देवाशपथ. ट्रॅक्टरवाला दरसाल काठाकाठानं नांगर घालत गेला आणि मी काही बघितलं नाही. पण हे निम्म्या गावाला कुठल्या तोंडानं सांगू?

मी म्हटलं, "बालाजी, तिन्ही काकऱ्या सोडल्या. आत्ताच्या आत्ता."

तर तो म्हणतो, "ऱ्हाऊ द्या दादा. बांध हाय तिथं ऱ्हाऊ द्या."

"न्हाय, तुझी जमीन हाय, तू घे."

"मला नकू."

"घ्यावंच लागंल!"

"घेणार न्हाय म्हणजे न्हाय!"

आणि बघता बघता आमचा आवाज चढला! आधी घ्यायवरून भांडत होतो, आता द्यायवरून. समितीचे सदस्य एकमेकांकडं बघायला लागले. अध्यक्षाचा तंटा मिटवायचा कुणी?

मिटवला बालाजीनंच. दोरी गुंडाळत शांतपणे म्हणाला, "दादा, ह्या तीन काकऱ्या ना तुमच्या, ना माझ्या. वैरण लावू त्याच्यात. तुमच्या म्हशीला बी हुईल, आमच्या बी."

तीन वाक्यं! ना भाषण, ना गळा भरून येणं. समितीच्या सदस्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "ह्याला म्हणत्यात निवाडा." मी त्याच्याशेजारी उभा होतो. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही.

वैरण चांगली आलीय. अध्यक्ष अजून मीच आहे, पाटी माझ्याच दारावर आहे, आणि तंटे अजून माझ्याच दारात येतात. परवाच दोघं आले, मोरीच्या पाण्यावरून हमरीतुमरीवर आलेले. मी टोपी घातली, सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या घेतला आणि म्हटलं, "बसा, काय झालं?"

त्यांनी आत डोकावलं आणि म्हणाले, "बसत न्हाय, अध्यक्ष. बालाजीराव चहाला तुमच्याकडंच हायत म्हणं. जरा भाईर पाठवताव का? तंटा मिटवायचाय."